जर्मनीत महिन्याला २०००, ३००० की ४५०० युरो? कोणाचं कशात भागतं?

वाटसरू८८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

जर्मनीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे. वर्षाला ६४,००० युरो, कर कापायच्या आधीचे. मी, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये आकडे घातले तर महिन्याला ३३०० हातात येतील म्हणाला. एका ठिकाणचा पर्याय बदलला तर ३७००. ही चारशेची गंमत काय ते कळलं नाही.

त्याहून मोठा घोळ पुढे. एक व्हिडिओवाला सांगतो ३००० मध्ये तिघांचं आरामात भागतं. दुसरा सांगतो ५००० शिवाय विमानात बसू नका. तुम्ही लोक तिथे राहताय. हातात किती येतात, भाड्यात किती जातात आणि महिनाअखेर काय उरतं, एवढं सांगितलंत तरी खूप झालं.

तिरपागडे

पहिला नियम: युरोला रुपयाने गुणायचं नाही. या गुणाकारापायी मी पहिले पाच महिने केस कापले नव्हते. शेवटी ऑफिसातल्या एकाने आदराने विचारलं, तुम्ही कुठल्या बँडमध्ये वाजवता?

अर्धवट_इंजिनिअर

माझं बजेट तुमच्या शीर्षकातही बसत नाही. ९९२ युरो फक्त! आखनला मास्टर्स करतेय. विद्यार्थी व्हिसासाठी श्पेरकोंटोत वर्षाचे ११,९०४ अडकवून ठेवावे लागतात, आणि बँक त्यातले महिन्याला ९९२ सोडते. पैसे आपलेच, पण महिन्याच्या सुरुवातीला खात्यात आले की उगाच पगार झाल्यासारखं वाटतं.

तिघींच्या फ्लॅटमध्ये एक खोली, वीज-इंटरनेट धरून ४१०. आरोग्य विमा १४० च्या आसपास. किराणा दोनशेत बसवते, कारण दुपारचं जेवण विद्यापीठाच्या मेन्झात. बसचा पास फीमध्येच येतो. उरलेल्यातून फोन, पुस्तकं आणि कधीतरी कॉफी. जमतं, खरंच जमतं.

जमत नाही तो पहिला महिना. आल्या आल्या खोलीचं डिपॉझिट, गादी, पांघरूण, एक तवा, आणि तेव्हाच श्पेरकोंटो बंद. पैसे सुटायला इथलं बँक खातं हवं, खात्यासाठी पत्त्याची नोंदणी हवी, नोंदणीसाठी घरमालकाची सही हवी, आणि घरमालक सुट्टीवर. बावीस दिवस मी दुसऱ्याच्या उधारीवर काढले. कोणी विद्यार्थी वाचत असेल तर श्पेरकोंटोशिवाय वेगळे दीड-दोन हजार जवळ ठेवून या.

इसारकाठ

म्युनिक. दोघंच, मूल नाही, सध्या मी एकटाच कमावतो. हातात ४५०० च्या आसपास. ऐकायला भारी वाटतं ना?

५८ चौरस मीटरचं दोन खोल्यांचं घर, वार्ममीटे १५६०. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते ती काल्टमीटे, म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुतेक ठिकाणी हीटिंग मिळवलं की वार्ममीटे. विजेचं बिल बहुधा त्याहूनही वेगळं. नवा माणूस हमखास पहिल्या आकड्याला भुलतो.

आता आमची कथा. चार महिने शोधून घर मिळालं, किल्ली घेतली, दार उघडलं. छताला दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. स्वयंपाकघर म्हणून जी खोली होती तिथे भिंतीतून दोन नळाची तोंडं आणि एक जाड केबल बाहेर आलेली. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. आधीचा भाडेकरू सगळं स्वयंपाकघर सुटं करून घेऊन गेला होता. इथे ही रीतच आहे. नवं किचन बसवायला सात आठवडे लागले. तोवर जमिनीवर इंडक्शनची एक प्लेट, समोर मांडी घालून बायको, आणि भांडी मी बाथटबमध्ये गुडघ्यावर बसून घासायचो. किचनचे ४२०० गेले. ते कुठल्याच 'मासिक बजेटा'त नव्हते.

महिन्याला नऊशे-हजार उरतात. गाडी नाही.

पूर्वेकडचा

@इसारकाठ, मनापासून वाईट वाटलं. आता तुमच्या जखमेवर थोडं मीठ. 🙂

लाइपझिग. एकटा. हातात २४५०. ६२ मीटर, दोन खोल्या, बाल्कनी, वार्ममीटे ६९०. किचन घरातच होतं! महिन्याला आठशे उरतात, ते तुमच्या निम्म्या पगारावर. सायकलने दहा मिनिटांत ऑफिस. धागाकर्त्यांनी शहर कुठलं ते सांगितलेलंच नाही. त्याशिवाय २०००-३०००-४५०० या आकड्यांना काहीही अर्थ नाही.

इसारकाठ

अर्थ नाही कसा? उद्या तुमची नोकरी गेली तर लाइपझिगमध्ये त्याच कामाच्या, जर्मन न येणाऱ्याला घेणाऱ्या किती कंपन्या आहेत? माझी इथली पहिली नोकरी अकरा महिन्यांत गेली. दुसरी सहा आठवड्यांत मिळाली, घर न बदलता. आमच्या व्हिसावाल्यांना नोकरी नसताना किती दिवस काढता येतात ते आठवा. जास्तीचे आठशे भाडं मी त्या सहा आठवड्यांचा विमा म्हणून भरतो.

पूर्वेकडचा

हा मुद्दा मान्य. पण जर्मन शिका हो! बी-१ पातळीची परीक्षा झाल्यावर माझ्यासाठी निम्म्या जाहिराती उघडल्या.

तिरपागडे

बी-१ ची फी किती, ती पण बजेटमध्ये लिहा. आणि नापास झाल्यावर परत भरायची ती वेगळी. (अनुभवी)

जुना_भाडेकरू

बर्लिन, २०११ पासून. तुम्ही सगळे शहर आणि पगार यांवर भांडताय. खरा फरक तिसऱ्याच गोष्टीचा आहे: भाडेकरार कोणत्या वर्षीचा.

आमचं तीन खोल्यांचं घर, ८४ मीटर, वार्ममीटे ८३५. माझ्याच जिन्यात वरच्या मजल्यावर याच मापाच्या घरात गेल्या वर्षी एक जोडपं आलं, त्यांचं १९०० च्या पुढे. त्यांचा पगार माझ्यापेक्षा जास्त, हातात राहतात कमी. चालू करारावर भाडं वाढवायला कायद्याने मर्यादा आहेत. नव्या करारावरही मीटप्राइजब्रेम्झं नावाचा ब्रेक आहे, २०१५ पासून. नेमलेल्या भागांत परिसराच्या दरापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. पण सामानासकट दिलेली घरं आणि नवी बांधकामं अशा पळवाटा निघतात.

याची दुसरी बाजूही सांगतो. मुलं मोठी झाली, एक खोली कमी पडते, तरी हलता येत नाही. हललो की आजचा दर. स्वस्त घराने आम्हाला धरून ठेवलंय. म्हणून व्हिडिओवाल्याला आधी विचारा, बाबा रे, तू आलास कधी?

अर्धवट_इंजिनिअर

+१. माझी फ्लॅटमेट २०१९ ची, तिची खोली माझ्यापेक्षा मोठी आणि ३२० ला!

सुगरण_नाही_मी

हानोफर. मी, नवरा, एक मुलगा. दोघांचे मिळून ४१०० हातात. उरतात किती ते सांगत नाही, कारण त्यावरून घरात वाद आहेत. पण 'महिन्याचं बजेट' या शब्दावरच माझा राग आहे, त्याबद्दल लिहिते.

हीटिंगचे पैसे आपण दर महिन्याला अंदाजाने भरतो. वर्षाचा हिशोब मागाहून येतो, कधी परत मिळतात, कधी भरावे लागतात. २०२२ साली गॅस भडकला होता ते आठवतंय ना? त्या वर्षाचा आमचा हिशोब पाकिटातून आला: ११४० युरो, चौदा दिवसांत भरा. मी स्वयंपाकघरात उभी राहून तीनदा वाचलं. नवरा म्हणाला ११४ असेल, दशांश बघ. दशांश जागेवर होता.

भरायलाच निघालो होतो. शेजारच्या आजींनी पाकीट मागून घेतलं, चष्मा लावला आणि आकड्याकडे बघितलंच नाही, तारीख बघितली. ९ जानेवारी २०२४. म्हणाल्या, भरू नका. नियम असा की हिशोबाचं वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत तो भाडेकरूच्या हातात पडला पाहिजे. २०२२ चा हिशोब ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत यायला हवा होता. उशीर मालकाच्या चुकीने झाला असेल तर जास्तीचे पैसे मागता येत नाहीत. आम्ही मीटरफेराइनचे, म्हणजे भाडेकरू संघटनेचे, सभासद झालो. त्यांनी एक पत्र लिहिलं. प्रकरण मिटलं.

आजींना मी केक करून नेला. नाव वाचलंत ना माझं? तरी त्यांनी खाल्ला.

पूर्वेकडचा

नऊ दिवसांसाठी ११४०! आत्ताच जाऊन माझी पाकिटं बघतो.

इसारकाठ

हे माहीत नव्हतं. मी २०२१ चे ३८० निमूट भरले होते, तारीख न बघता.

तिरपागडे

पाकिटांवरून आठवलं. रुंडफुंकबायट्रागचं पाकीट अजून कोणी काढलं नाही? महिन्याला १८.३६, रेडिओ-टीव्हीसाठी. मी त्यांना कळवलं की माझ्याकडे टीव्ही नाही. त्यांनी कळवलं की आम्ही विचारलंच नाही.

अर्धवट_इंजिनिअर

आम्ही तिघी जवळजवळ वर्षभर तीन वेगवेगळे बायट्राग भरत होतो! तो माणशी नसून घरटी असतो. एकीच्या नावावर ठेवून बाकी दोघींनी तिचा क्रमांक कळवायचा, जास्तीचे परत मागता येतात.

वाटसरू८८

बाप रे, दोन दिवस इकडे फिरकलो नाही तर एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. शहर लिहायचं राहिलंच. ऑफिस ब्योब्लिंगेनला, श्टुटगार्टच्या बाजूला. बायको आणि मुलगी माझ्यानंतर चार महिन्यांनी येतील. ती चारशेची गंमत मात्र अजून कोणी सोडवली नाही.

गणिताच्या_बाई

न्यूर्नबर्ग. मी सोडवते.

तुम्ही बदललात तो पर्याय म्हणजे श्टॉयरक्लासं, कराचा वर्ग. एकट्या माणसाला वर्ग १. नवरा-बायको दोघं जर्मनीत राहत असतील तर दोघं ४-४, नाहीतर एक ३ आणि दुसरा ५. वर्ग ३ मध्ये दर महिन्याला कर कमी कापतात, म्हणून ३७००. तुमची बायको जर्मनीत राहायला येईपर्यंत तुम्ही वर्ग १ मध्ये, म्हणजे पहिले चार महिने ३३०० धरून चाला.

पण ते पैसे बुडत नाहीत. ती त्याच कॅलेंडर वर्षात येऊन नोंदणी झाली, अगदी डिसेंबरात आली तरी, त्या वर्षाचं विवरणपत्र दोघांचं एकत्र भरता येतं आणि चांगली रक्कम परत येते. जानेवारीत आली तर ते वर्ष गेलं. त्यामुळे तिकिटं बघताना दोनशे युरो वाचवायला डिसेंबरची जानेवारी करू नका. मात्र येण्याआधीच्या महिन्यांत तिकडे जे कमावलंत ते कराचा दर ठरवताना धरतात, तेव्हा त्या पगाराच्या पावत्या फेकू नका.

मुलीचे किंडरगेल्ड, म्हणजे मुलामागे मिळणारा सरकारी भत्ता, २०२५ मध्ये महिन्याला २५५ होता, जानेवारी २०२६ पासून २५९. अर्ज लगेच करा, मागचे सहाच महिने मिळतात. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी बायको आणि मूल तुमच्याच हप्त्यात येतात. खासगी विमावाला तरुण वयात स्वस्त हप्ता दाखवेल, तिथे प्रत्येकाचा हप्ता वेगळा असतो.

क्लासं_पाच

बाईंनी सगळं बरोबर सांगितलं, पण ३-५ चा दुसरा आकडा ज्याच्या वाट्याला येतो त्याची बाजू मी मांडते. नावावरून कळलंच असेल.

आम्हीही 'घरात जास्त येतात' म्हणून ३-५ केलं. मग मला अर्धवेळ नोकरी लागली. पहिली पगाराची स्लिप बघून मी एचआरला फोन केला की काहीतरी चुकलंय. चुकलं नव्हतं. माझ्या वाट्याची करातली सूटही मला न मिळता नवऱ्याला मिळत होती. आणि नवरा म्हणाला, एवढ्यासाठी कशाला धावपळ करतेस? हा प्रश्न त्या स्लिपमुळे आला, माझ्या कामामुळे नाही.

वर्षाचा हिशोब झाल्यावर ३-५ असो की ४-४, दोघांचा मिळून कर सारखाच भरतो. ३-५ मध्ये तो आधी कमी कापला जातो, विवरणपत्र सक्तीचं होतं आणि पुष्कळदा वरून भरावे लागतात. खरी मेख अशी की एल्टर्नगेल्ड म्हणजे बाळंतपणानंतरचा भत्ता आणि बेकारी भत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरतात. वर्ग ५ मध्ये तो पगार कागदावर लहान, म्हणून भत्ताही लहान. दुसरं मूल झालं तेव्हा मला हे कळलं.

@वाटसरू, तुमच्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा राहण्याचा परवाना) असेल तर वहिनींना आल्या दिवसापासून नोकरीची मुभा आहे. त्यांना विचारलंत का, की घराचं बजेट तुमच्या एकट्याच्याच पगारावर का मांडताय?

तिरपागडे

शांतता. धागाकर्ते वहिनींना विचारायला गेलेत.

वाटसरू८८

विचारलं. उत्तर आलं की 'तू धागा काढलास, त्यात मला एकदाही विचारलं नाहीस.' आता ती स्वतःच वाचतेय. ताई, तुमचा प्रतिसाद तिने स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

क्लासं_पाच

वहिनींना नमस्कार सांगा. 🙂

जुना_भाडेकरू

ब्योब्लिंगेन म्हणजे गाड्यांचा मुलूख, भाडी चढीच. श्टुटगार्टच्या आत घर शोधू नका. एस-१ लोकल हेरेनबर्गहून ब्योब्लिंगेनमार्गे श्टुटगार्टला जाते, तेव्हा उलट दिशेला, हेरेनबर्गकडे बघा. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल-बसचा मासिक पास, २०२५ मध्ये ५८ होतं, जानेवारी २०२६ पासून ६३. ४९ ला सुरू झालं होतं २०२३ मध्ये. कंपनी योबटिकेट देते का विचारा, स्वस्त पडतं. सहा वर्षांखालच्या मुलीला तिकीट नाही. मात्र ते तिकीट म्हणजे वर्गणी आहे, बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढचा महिना बोडक्यावर.

गाडीची घाई करू नका. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं, पुढे लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. माझ्या मेव्हण्याला दोन प्रयत्न लागले, आणि तो वीस वर्षं गाडी चालवत होता.

सुगरण_नाही_मी

किंडरगार्टन विसरलात काका. बर्लिनमध्ये तुमची चैन आहे, २०१८ पासून फक्त जेवणाचे २३ भरता. धागाकर्ते चाललेत त्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात पालकांना फी आहे आणि ती गावागणिक बदलते. कायद्याने जागेचा हक्क आहे, पण हक्क आणि रिकामी खुर्ची यांत फरक असतो. घर ठरायच्या आधीच त्या गावच्या यादीत नाव घालता येतं का बघा.

वाटसरू८८

सगळ्यांचं वाचून आम्ही दोघांनी बसून हे मांडलं आहे. चुका काढा.

चौथ्या महिन्यापर्यंत ३३००, नंतर किंडरगेल्ड धरून साधारण ३९५०. भाडं वार्म १३५० धरलं. वीज, इंटरनेट, फोन, रुंडफुंक मिळून दीडशे. किराणा साडेपाचशे. किंडरगार्टन दोनशे. प्रवास शंभर. किरकोळ तीनशे. म्हणजे तेराशे उरतात.

इसारकाठ

नाही उरत. वर्षातून एकदाच येणारं सगळं एकत्र करा आणि बाराने भागा. तिघांची विमानाची तिकिटं, हीटिंगचा फरक, थंडीचे कपडे (मुलीचे दरवर्षी नवे), राहण्याच्या परवान्याची फी, हाफ्टफ्लिश्ट विमा. तो घ्याच, पोरीने कोणाच्या गाडीवर ओरखडा काढला तर कामाला येतो. आमचे दोघांचे महिन्याला साडेतीनशे पडतात, तुम्ही पाचशे धरा.

गणिताच्या_बाई

आणि पहिल्या वर्षाचा वेगळा कागद करा. डिपॉझिट काल्टमीटेच्या तिप्पटीपर्यंत. मालक एकदम मागेल, पण कायद्याने ते तीन मासिक हप्त्यांत देता येतं. एजंट मालकाने नेमला असेल तर त्याची फी तुमच्या गळ्यात मारू देऊ नका, २०१५ पासून ज्याने बोलावला त्याने द्यायची असा नियम आहे. फर्निचर जुनं घ्या. हे सगळं धरून पहिल्या वर्षी शून्य उरलं तरी घाबरू नका.

पूर्वेकडचा

अवांतर: पाकिटं बघितली. माझा २०२३ चा हिशोब वेळेत आला होता, आणि त्यात ६२ युरो परत येणार होते जे मी मागितलेच नव्हते. धाग्याचे आभार.

वाटसरू८८

तीन आठवड्यांनी अपडेट. तिघंही एकदमच निघतोय, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. बायकोने जर्मनच्या ए-२ चा क्लास लावलाय आणि वर्ग ४-४ ठरलाय, त्यावर चर्चा बंद आहे असं तिने कळवायला सांगितलंय.

हेरेनबर्गजवळ एक घर जवळपास नक्की झालंय. तीन खोल्या, ७४ मीटर, वार्म १३१०. काल व्हिडिओ कॉलवर मालकाशी बोललो. इसारकाठ यांची आठवण ठेवून पहिलाच प्रश्न विचारला, घरात किचन आहे का?

म्हणाला, हो, आहे ना, सुंदर खोली आहे.

इसारकाठ

बाथटब आहे का विचारून घ्या.